तारपा, रेगे आणि आमचे रिंगण

गेल्या दिवाळीतील गोष्ट. माझा धाकटा भाऊ जव्हारच्या बाजारातून एक काळा टी-शर्ट घेऊन घरी आला. टी-शर्टवर जटा वाढवलेल्या एका माणसाचा चेहरा होता आणि भोवती हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन रंग. आजीने तो हातात घेतला, दारातल्या उजेडाला धरला आणि विचारले, "हा कुठचा भगत?" भावाला सांगता येईना. चित्र आवडले म्हणून त्याने टी-शर्ट घेतला होता, इतकेच. मी महाविद्यालयात शिकणारा, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, की याचे नाव बॉब मार्ले. हा जमैका नावाच्या बेटावरचा गायक होता आणि त्याला वारून चाळीसहून अधिक वर्षे झाली.

"वाजवायचा काय?" आजीने विचारले.

"गिटार."

"आणि त्याच्या वाजवण्यावर नाचायचे कोण?"

या प्रश्नावर मी गप्प झालो. आमच्याकडे वाजवणारा म्हटला की त्याच्याभोवती नाचणारे आलेच. नाचणारे नसताना कुणी वाजवत बसला, तर घरातली माणसे त्याला बरे नाही की काय असे विचारतील. परंतु गाणे आम्ही पोरे ऐकतो ते मोबाइलवर, एकेकटे, कानात वायर घालून. तेव्हा आजीचा प्रश्न हसण्यावारी नेऊन मी वेळ मारून नेली.

पुढे तीन महिन्यांनी, २५ जानेवारी २०२६ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली. त्या यादीत आमच्याच जव्हार तालुक्यातील वाळवंडे गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव पद्मश्रीसाठी होते. बातमी मोबाइलवर आली तेव्हा भावाच्या अंगात तोच टी-शर्ट होता. सातासमुद्रापलीकडच्या गायकाचा चेहरा आमच्या घरात पोचला होता, आणि आपल्याच तालुक्यातील नव्वदी गाठलेल्या कलावंताचा चेहरा आम्ही दोघे भाऊ त्या दिवशी प्रथमच नीट पाहत होतो. मला मनातून फार ओशाळल्यासारखे झाले. नुसते ओशाळून काही निष्पन्न होत नाही, म्हणून मी या दोन्ही संगीतांविषयी मिळेल ते वाचले आणि पाड्यावरच्या जाणत्या माणसांना विचारले. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. आजीच्या प्रश्नाचे उत्तरही त्यात येईल असे वाटते.

भिकल्या हे नाव

प्रथम नावाविषयी. भिकल्या, लाडक्या, धाकल्या ही आमच्याकडची नेहमीची नावे. भिकाजी, भिकोबा, धोंडू अशी नावे महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, देवाकडे भीक मागून मिळाले म्हणून ते देवाने राखावे, अशा भावनेने ती ठेवली जात. आज मात्र आमच्या पिढीला अशा नावांची लाज वाटते. शाळेत हजेरी घेताना मागच्या बाकांवर खसखस पिकते, आणि मग कुणी शपथपत्र करून नाव बदलून घेतो. देशाच्या सन्मानयादीत 'भिकल्या' हे नाव जसेच्या तसे छापलेले पाहून, पुरस्काराइतकाच त्या नावाचाही मान झाला असे मला वाटले.

वर्तमानपत्रांना जव्हार-मोखाडा आठवतात ते बहुधा दुःखाच्या प्रसंगी. १९९२-९३ साली वावर-वांगणीतील कुपोषणाच्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर गाजली. मी वावरचा. आजही बाहेरगावी माझ्या गावाचे नाव सांगितले की जुनी जाणती माणसे क्षणभर बोलायची थांबतात. त्याच तालुक्याचे नाव या वेळी एका वाद्यामुळे छापून आले, ही गोष्ट आम्हांला केवढी वाटली असेल हे वेगळे सांगायला नको.

धिंडा यांच्या घराण्यात तारपा वाडवडिलांपासून चालत आलेला आहे. लहानपणीच त्यांनी तो तोंडाला लावला, आणि ते केवळ वाजवतात असे नव्हे, तर वाद्य स्वतः घडवतातही. मोठ्या शहरातील गायकाचे चरित्र लिहायचे तर पहिली ध्वनिमुद्रिका, पहिला दौरा, पहिला मोठा जलसा असे टप्पे सांगता येतात. तारपावादकाच्या आयुष्याची मोजणी अशी होत नाही. ती पावसाळ्यांनी होते. किती वर्षे नवा भात आला, किती वर्षे गावाने रिंगण धरले, तेवढे त्याचे कार्य. म्हणून त्यांचे चरित्र समजायचे तर तारपा समजून घ्यायला हवा.

वाद्य आणि वारा

वारली चित्रांमुळे तारप्याचा आकार आता सर्वांना माहीत आहे. चित्राच्या मध्यभागी एक माणूस लांबलचक वाद्य तोंडाला लावून उभा असतो, आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी गोगलगाईच्या पाठीसारखी वळत गेलेली असते. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही चित्रे घराच्या भिंतीवरून कागदावर व कापडावर आणली आणि जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली होती. म्हणजे तारप्याचे चित्र काढणाऱ्याचा सन्मान आधी झाला आणि तारपा वाजवणाऱ्याचा पंधरा वर्षांनी. यात कुणाचा दोष नाही. चित्र भिंतीवर टांगता येते, आवाज टांगता येत नाही.

तारपा करायला दुकानातून काही आणावे लागत नाही. वाळवून आतून कोरलेला लांबट भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाची पाने आणि मधमाश्यांचे मेण, एवढ्यावर तो उभा राहतो. भोपळ्याच्या एका बाजूला भोक पाडून तेथून फुंकायचे. दुसऱ्या बाजूला दोन नळ्या शेजारी शेजारी बसवून सांधे मेणाने बंद करायचे. नळ्यांना बोटांसाठी भोके असतात. प्रत्येक नळीचे जे टोक भोपळ्याच्या पोटात जाते, तेथे एक जिभळी असते. ही जिभळी म्हणजे बांबूच्याच बारीक तुकड्यावर कापून उचललेली पातळ पट्टी. भोपळ्यात वारा भरला की तो बाहेर पडण्यासाठी या पट्टीला ढकलतो, पट्टी थरथरते आणि सूर निघतो. सूर खाली उतरवायचा तर पट्टीवर मेणाचा बारीक कण ठेवतात. नळ्यांच्या खालच्या टोकांना ताडाच्या पानांचा गुंडाळलेला कर्णा जोडलेला असतो, त्यामुळे आवाज घुमत दूरवर जातो. हातात सहज मावणारा तारपा असतो, तसाच माणसाच्या उंचीहून लांबही असतो. गारुड्याची पुंगी याच कुळातली. तारपा हे तिचे थोरले भावंड म्हणायला हरकत नाही.

वाद्य करणे कठीण, पण वाजवणे त्याहून कठीण. तारप्याचा आवाज तुटत नाही. बासरी वाजवणारा मध्येच थांबून श्वास घेतो. तारपा वाजवणाऱ्याला ती सोय नाही. तो थांबला तर नाचणाऱ्यांचे पाऊल अडखळेल. म्हणून तो गालात वारा साठवतो, गाल दाबून तो वारा भोपळ्यात सोडत राहतो, आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास आत घेतो. म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा वारा एकाच वेळी सांभाळायचा, शिवाय बोटांनी चाल चालवायची, आणि हे सर्व कित्येकदा रात्रभर.

आमच्या घरात आज्याचा तारपा आढ्याला टांगलेला आहे. आजा मी लहान असतानाच गेला. पद्मश्रीची बातमी आल्यावर मी तो खाली काढला, धूळ पुसली आणि तोंडाला लावला. आवाज तर सोडाच, सुस्काराही निघाला नाही, कारण जिभळ्या वाळून फाटल्या होत्या. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या वाजवणाऱ्याकडे गेलो. त्यांनी तारप्याला हातच लावू दिला नाही. पाण्याने भरलेला तांब्या पुढे ठेवला, पपईच्या पानाचा पोकळ देठ हातात दिला आणि म्हणाले, "याने पाण्यात फुंक. बुडबुडे तुटता कामा नयेत. पोटाने नको फुंकू, गालाने फुंक." मी फुंकले. दहा-बारा बुडबुडे निघाले की श्वास घेण्यासाठी थांबावे लागे, आणि म्हातारबाबा मान हलवीत. महिनाभर रोज हे चालले. बी. ए. च्या तिसऱ्या वर्षात मी शिकलो त्यांतली सर्वांत अवघड गोष्ट हीच, असे प्रांजळपणे सांगतो.

रिंगण

तारपा वर्षभर वाजत नाही. रूढीप्रमाणे नवे धान्य हाती आल्यावर, ते देवाला दाखवल्यावर तारपा खाली निघतो. धान्याची देवी कणसरी, तिचा मान आधी. वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते आणि दिवाळीच्या सुमारास रात्री रिंगणाने भरून जातात. भात, नागली, वरई घरात येऊन पडली की माणसाच्या मनाला जो विसावा मिळतो, त्याचा हा आवाज आहे. वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा आमच्याकडच्या जमातींत तो वाजतो. भगत घांगळीवर कथा लावतो, थाळावर देवाची गाणी होतात, बोहाड्यात सोंगे सांबळावर नाचतात. प्रत्येक वाद्याचे काम ठरलेले आहे. तारप्याचे काम गावाला एका साखळीत बांधणे.

नाचताना बाया आणि बापे एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी धरतात. वाजवणारा पुढे किंवा मध्ये असतो. साखळीच्या टोकाला असलेला म्होरक्या हातातील काठी जमिनीवर आपटून ताल देतो. वाजवणारा वळला की साखळी वळते, त्याने चाल बदलली की पाऊल बदलते. त्याच्याकडे पाठ करायची नाही, हा रिंगणाचा नियम. आजवर मला वाटत असे, की वाजवणारा वाजवतो आणि लोक नाचतात. म्हातारबाबांनी सांगितले ते याहून वेगळे आहे. वाजवणाऱ्याचे डोळे सारखे पायांवर असतात. पाय थकले असे दिसले की तो सोपी चाल धरतो, पोरे रंगात आली की अवघड चाल काढून त्यांना चकवतो. म्हणजे चाल जितकी तारप्यातून निघते तितकीच नाचणाऱ्यांच्या पायांतूनही निघते. नाचणारे नसतील तर काय वाजवायचे हेच त्याला कळणार नाही. आजीने तो प्रश्न का विचारला, हे मला त्या दिवशी उमगले.

जमैका

आता टी-शर्टवरच्या माणसाकडे वळू. जमैका हे कॅरिबियन समुद्रातील बेट, आकाराने आपल्या पालघर जिल्ह्याच्या सुमारे दुप्पट. १६५५ पासून ते इंग्रजांच्या ताब्यात होते. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून माणसे पकडून आणली गेली. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि १८३८ साली गुलाम प्रत्यक्ष सुटले. मग मळेवाल्यांना मजूर कमी पडू लागले, आणि १८४५ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यात आले. ते मुख्यत्वे उत्तरेकडचे होते. 'गांजा' हा शब्द जमैकेत आजही याच उच्चाराने वापरतात, तो या मजुरांबरोबर गेलेला.

वेठबिगार म्हणजे काय हे आमच्या भागाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे, अशी लग्नगड्याची पद्धत ठाणे जिल्ह्यात होती. तिच्याविरुद्ध गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या साथीने वारली उठले ते १९४५ साली. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला जमैकेतील नाइन माइल नावाच्या डोंगरी खेड्यात बॉब मार्लेचा जन्म झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. वर्ष लक्षात राहावे म्हणून सांगितले.

मार्लेची गाणी समजण्यासाठी रास्ताफारी पंथाची थोडी ओळख हवी. जमैकेचेच मार्कस गार्वी (१८८७–१९४०) यांनी काळ्या लोकांना आफ्रिकेचा अभिमान शिकवला. २ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात रास तफारी हे हेले सेलासी या नावाने सम्राट झाले, तेव्हा जमैकेतील काही गरीब लोकांनी त्यांना ईश्वराचा अवतार मानले. त्यावरून पंथाला नाव मिळाले. हे लोक केस कापीत नाहीत, अन्न साधे खातात, गांजाला धर्मकार्यातील वस्तू मानतात, आणि जुलमी राज्यव्यवस्थेला बायबलमधील 'बॅबिलॉन' हे नाव देतात. पंथाच्या आद्य प्रचारकांपैकी लिओनार्ड हॉवेल यांनी 'गंगुनगुरू महाराज' अशा धर्तीचे नाव घेऊन लेखन केले, यावरून हिंदी मजुरांची छाया त्यांच्यावर किती पडली होती हे दिसते. सरकारने या पंथाला फार छळले. हॉवेल यांची वसाहत १९५४ साली पोलिसांनी उद्ध्वस्त केली. १९६३ साली कोरल गार्डन्स येथील प्रकारानंतर रास्ता लोकांची धरपकड झाली, त्यांच्या जटा कापल्या गेल्या. त्याबद्दल जमैकेच्या सरकारने माफी मागितली ती २०१७ साली.

या लोकांच्या धार्मिक मेळ्यांत तीन प्रकारचे ढोल रात्रभर वाजतात. त्यांचा नामवंत वादक काउंट ऑसी (१९२६–१९७६) किंग्स्टनजवळच्या डोंगरात आपला मेळा जमवीत असे. रात्रभर वाजवणे, भोवती माणसे, हे वाचताना मला आमचे खळे आठवले.

मार्लेचे गाणे

मार्लेची आई काळी, बाप गोरा आणि वयाने खूप मोठा. बापाचा सहवास त्याला जवळजवळ मिळालाच नाही. पुढे तो आईबरोबर किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन या झोपडवस्तीत राहायला आला. तेथे पीटर टॉश आणि बनी लिव्हिंगस्टन यांच्या संगतीने 'वेलर्स' हा संच १९६३ च्या सुमारास उभा राहिला. जो हिग्ज या गायकाने आपल्या अंगणात त्यांच्याकडून सूर घोटून घेतले. १९६४ सालच्या पहिल्याच गाण्याने त्यांचे नाव झाले, पण पैसा मिळाला नाही. १९६६ साली मार्लेने रिटा अँडरसनशी लग्न केले. त्याच वर्षी २१ एप्रिलला हेले सेलासी जमैकेला आले, आणि पुढील काळात मार्लेने रास्ताफारी पंथ स्वीकारला.

१९६८ च्या सुमारास जमैकेतील आधीच्या नाचगाण्यांची लय संथ होऊन 'रेगे' ही नवी चाल तयार झाली. तिचे वैशिष्ट्य आपल्या तालाच्या भाषेत सांगता येईल. आपल्याकडे समेवर येऊन सर्वजण भेटतात. रेगेच्या एका प्रसिद्ध ठेक्यात नेमकी पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि ढोलाचा मोठा आघात तिसऱ्या मात्रेवर देतात. गिटार मात्रांच्या मधल्या जागी तुटक वाजते. त्यामुळे ऐकणाऱ्याचे अंग त्या रिकाम्या जागेकडे आपोआप झुकते.

१९७३ साली लंडनच्या आयलंड कंपनीने वेलर्सची 'कॅच अ फायर' ही ध्वनिमुद्रिका काढली. इंग्लंड-अमेरिकेतील श्रोत्यांना रुचावी म्हणून लंडनमध्ये तिच्यात आणखी वाद्ये भरण्यात आली. पुढे टॉश आणि बनी वेगळे झाले, मार्ले जगभर गेला. ज्या जटांसाठी पोलीस माणसांना झोडपीत, त्या जटा त्याने वेष्टनांवर मिरवल्या. ३ डिसेंबर १९७६ रोजी बंदूकधाऱ्यांनी त्याच्या घरात घुसून गोळ्या झाडल्या. तो, रिटा आणि त्याचा व्यवस्थापक जखमी झाले. दोनच दिवसांनी, जखम ताजी असताना, तो हजारो लोकांपुढे गायला. २२ एप्रिल १९७८ च्या शांतता जलशात त्याने मायकेल मॅन्ली आणि एडवर्ड सिआगा या दोन कट्टर विरोधकांना मंचावर बोलावून त्यांचे हात एकत्र धरले. एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला त्या रात्री तेथील सोहळ्यात तो गायला. तोवर कर्करोगाने त्याला ग्रासले होते. ११ मे १९८१ रोजी मायामी येथे, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, तो गेला. २०१८ साली युनेस्कोने जमैकेच्या रेगेचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर

मग मार्लेच्या वाजवण्यावर नाचायचे कोण? वाचनात मला याचे उत्तर सापडले, आणि ते अनपेक्षित होते. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १९५० च्या दशकापासून 'साउंड सिस्टिम'ची रीत होती. वाद्यवृंद बोलावणे परवडत नसे. म्हणून मोठमोठे कर्णे आणि तबकड्या लावण्याचे यंत्र गाडीवर घालून आणीत, मोकळ्या अंगणात मांडीत आणि सारी वस्ती त्यावर नाचे. ज्या निर्मात्याने वेलर्सचे पहिले गाणे काढले, त्या कॉक्ससन डॉडचीही अशी साउंड सिस्टिम होती. म्हणजे रेगे तबकडीवर नाचण्यासाठीच जन्मले. नाचणारे तबकडीभोवती उभे राहिले, आणि तबकडी बोटीत बसून जगभर गेली तेव्हा नाचणारे जेथे तेथे नवे मिळत गेले.

तारप्याचे तसे नाही. तारपा मुद्रित करता येतो, पण मुद्रित तारपा पायांकडे पाहत नाही. हे मला पुस्तकाने शिकवले नाही, आपल्या स्नेहसंमेलनाने शिकवले. गेल्या वर्षी आम्ही बाराजणांनी रंगमंचावर तारपानृत्य सादर केले. पेन ड्राइव्हवर साडेचार मिनिटांचा तुकडा होता. आम्ही साखळी धरली, वळलो, बसलो, उठलो. टाळ्या खूप मिळाल्या, दुसरे बक्षीसही मिळाले. आजीला मोबाइलवर ते चित्रण मोठ्या हौसेने दाखवले. तिने शेवटपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "मध्ये कोणीच नाही." खरेच रिंगणाच्या मध्यभागी कुणी नव्हते. पाठ करायची नाही हा नियम आम्ही पाळला होता, पण कुणाला पाठ करायची नाही, तो माणूसच नव्हता. घरी आढ्याला तारपा टांगलेला असताना मी कर्ण्याच्या पेटीभोवती फिरून बक्षीस घेतले, ही गोष्ट आता मनाला लागते.

म्हणून 'आपल्या तारप्यालाही मार्लेसारखी प्रसिद्धी मिळायला हवी' असे जे आपण म्हणतो, ते मला आता अपुरे वाटते. प्रत्येक संगीताचे घर वेगळे असते. रेगेचे घर तबकडी, तारप्याचे घर रिंगण. एका वादकाचा सन्मान झाला याचा आनंद मोठाच आहे. परंतु रिंगण टिकायचे तर तीन गोष्टी लागतात: वाजवणारा हवा, भोपळा हवा आणि नाचणारे गावात हवेत. पहिल्या दोन आपल्या हातच्या आहेत. तिसरी सर्वांत अवघड. भात झोडून झाले की आमच्याकडची माणसे 'जगायला' बाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती होळीच्या सुमारास परततात. 'जगायला जाणे' हा शब्द आमच्याकडे इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ गावात राहून जगता येत नाही असा होतो, हे बोलताना ध्यानातही येत नाही. माझे वडीलही जातात. कोसळणारा पाऊस पडूनही उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी आमच्या बाया दरी उतरतात. पाणी अडले, गावात काम मिळाले, तर माणसे थांबतील. माणसे थांबली तर रिंगण थांबेल. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. त्या कायद्याचा तारप्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. माझ्या मते फार जवळचा आहे.

मार्ले आणि धिंडा यांची तुलना करून कोण मोठा हे ठरवण्याचा माझा हेतू नाही. एकाने ज्या केसांची हेटाळणी होई ते केस मानाचे केले. दुसऱ्याने ज्या वाद्याला जुनाट म्हणत ते वाद्य आयुष्यभर खाली ठेवले नाही. दोघांनीही आपल्या माणसांची लाज बाळगली नाही. आमच्या पिढीने घ्यायचा धडा असेल तर तो हाच.

माझे बुडबुडे आता न तुटता बरेच वेळ चालतात. म्हातारबाबांनी नव्या जिभळ्या कापून द्यायचे कबूल केले आहे. आज्याचा भोपळा मात्र तळाशी तडकला आहे, त्याला नवा हवा. आजीने बी निवडून मडक्यात ठेवले आहे. मृगाच्या पावसात ते कुडाशी टोचायचे, वेल छपरावर चढवायचा आणि लांब मानेचा भोपळा वेलावरच वाळू द्यायचा, म्हणजे पुढल्या नव्या भाताला तो उपयोगी पडेल. भाऊ अजून तोच टी-शर्ट घालतो. काल तो माझ्या नकळत तांब्या घेऊन पडवीत बसला होता आणि पपईच्या देठाने पाण्यात फुंकत होता.